ओरा पुरो नोबी

आमच्या चर्चची स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर बिशपसाहेबांचा रंगीत फोटो. आत लिहिलंय की खाडीकाठच्या या मंडळीची स्थापना पाद्री लोरेन्स यांनी केली. खोटं नाही. पण पाद्री लोरेन्स ज्या होडीतून आले ती होडी कोण वल्हवत होता ते त्यात नाही, आणि त्या माणसाला त्यांनी आणि मी काय केलं तेही नाही. ते मी लिहितो. मी चौथी पास आहे, तेव्हा चुका असतील. फिलू असती तर म्हणाली असती, "वगी रवा वो, पाद्री वाचीत." माझी बायको गेल्या गणपतीच्या सुमाराला गेली. आता मला गप करणारं घरात कोणी नाही, म्हणून लिहितो. घरात बसवत नाही, उठून बाहेर गेलो की बाहेर उभं राहवत नाही. लिहिताना निदान बूड एका जागी राहतं.

तेव्हा आमची वाडी म्हणजे खाडीच्या अलीकडच्या काठावर माडांखाली दहा-बारा किरिस्तांव घरं, वरच्या अंगाला परबांची आणि सावंतांची. समोर पाणी, पाण्यापलीकडे इगर्ज, म्हणजे चर्च. बाप्तिस्मा पलीकडे, लग्न पलीकडे, मेल्यावर मातीही पलीकडे. खाली देवबागच्या तोंडाशी समुद्र, त्यामुळे भरती-ओहोटी आमच्या दारात. माझा बाप बस्त्यांव तारी होता, माणसं होडीने पलीकडे न्यायचा-आणायचा. आमच्यात बापाला 'पाय' म्हणतात. शाळेत मी निबंधात 'माझा पाय होडी वल्हवतो' असं लिहिलं. मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि पुढचं वर्षभर परबांची पोरं मला विचारत, "इनास, तुझो दुसरो पाय काय करता रे?" पहाटे पलीकडून कोणीतरी तोंडाला हात लावून ओरडायचं, "तारी होऽऽऽ", आणि पाय पेजेची वाटी अर्धी टाकून उठायचा. रुजायआते, म्हणजे पायची विधवा बहीण, ती आमच्याकडेच राहायची. ती चुलीपाशी बसूनच करवादायची, "मेल्यांका बांगडो गिळूसर पण दम नाय." उकड्या तांदळाची पेज, भाजलेली सुकी मासळी, आणि चुलीच्या धुराने काळी झालेली भिंत, तिच्यावर सायबिणीची तसबीर. सायबीण म्हणजे मारिया माता. धुराने तीही सावळी झाली होती, आमच्यातलीच एक वाटायची.

वाडीत आमचा म्हणून एक खुरीसच होता. जांभ्याच्या चौथऱ्यावर दगडी क्रूस, चुना मारलेला. पलीकडे जायला जमायचं नाही तेव्हा लोक तिथे जमून लदीन म्हणत, आणि मे महिन्यात तर रोजच. लदीन म्हणजे सायबिणीचं एकेक नाव घेऊन केलेली विनवणी. एकाने नाव घ्यायचं, बाकीच्यांनी मागून उत्तर द्यायचं. सगळी लातीन भाषेत. नाव घेणारा पाय. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. त्याने ती त्याच्या काकाकडून पाठ केली होती, काकाने आणखी कोणाकडून. इतक्या तोंडांतून आल्यावर ती जशी व्हायची तशी झाली होती. उत्तर होतं 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. आमच्या वाडीत ते 'ओरा पुरो नोबी' होतं. मालवणीत पुरो म्हणजे बस झालं. 'रोझा मिस्तिका'चं 'रोजा मेस्त्रीका' झालं होतं, आणि ही रोजा कुणा गवंड्याची बायको असावी अशी माझी पक्की समजूत होती. पुढे एक नाव 'दोमूस आऊरेआ' आहे, सोन्याचं घर. पाय म्हणायचा, "दमूस आवरा." आम्हा पोरांना वाटायचं की इतकी नावं घेऊन पाय आता दमला, आवरा म्हणतोय, आणि आम्ही त्या ओळीला सगळ्यात जोरात ओरडायचो, "पुरो!" मग उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप वाटायचे. त्यासाठीच अर्धी वाडी यायची, खोटं कशाला बोलू. पण पायचा आवाज असा होता की पलीकडच्या काठावरचे लोक बोलायचे थांबत. दिवसभर वल्हं मारून वाकलेला माणूस खुरसासमोर सरळ व्हायचा.

मी अकरा वर्षांचा असताना माय गेली. श्रावणातला पाऊस, खाडी फुगलेली, वरून मोडलेली झाडं वाहून येत होती. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळपासून तिचा श्वास अडकायला लागला. पाद्रीला आणायला पाय होडी घेऊन दोनदा निघाला, दोन्ही वेळा पाण्याने त्याला खाली ढकलत नेलं आणि लोकांनी दोर टाकून ओढला. शेवटी तो ओल्या अंगानेच तिच्या उशाशी गुडघ्यावर बसला आणि लदीन म्हणायला लागला. संपली की पुन्हा पहिल्यापासून. ती दुपारी गेली तोवर तो म्हणत होता, आणि गेल्यावरही म्हणत होता. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा त्याने स्वतः वल्हवत तिला पलीकडे नेली. तर पलीकडचे पाद्री गोव्याला गेलेले, पावसात अडकलेले. मातीवरही पायनेच लदीन म्हटली. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच होतं. आपल्या काठावर आपलं देऊळ, म्हणजे आपली इगर्ज पाहिजे, आपली माती देण्याची जागा पाहिजे. मेलेल्या माणसाने भरतीची वाट बघत बसायची नाही. तो हे होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. आबा परबांनी त्यांची खाडीलगतची जागा द्यायचं कबूल केलं, तेही होडीतच.

मी सतराचा झालो तेव्हा पलीकडे पाद्री लोरेन्स आले. तरुण, गोरे, हसरे. वाईट माणूस नव्हता, उलट चांगलाच. पायने त्यांच्या मागे लागून त्यांना मे महिन्यात आमच्या खुरसापाशी आणलं. मांडव झावळ्यांचा, आतेने मोठा टोप भरून चणे उकडलेले. पायने नवा सदरा घातला होता. लदीन सुरू झाली. पाद्री आधी मान खाली घालून ऐकत होते, मग त्यांचे खांदे हलायला लागले. 'दमूस आवरा'ला त्यांना हसू आवरेना. संपल्यावर ते पायच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बस्त्यांव, अरे इतकी वर्सां तू सायबिणीक पुरो, पुरो म्हणान सांगतंस! ती बिचारी काय करतली?" आणि त्यांनी सगळ्यांना खरे शब्द आणि त्यांचे अर्थ समजावून सांगितले. मांडव हसून लोळला. पायही हसला, चणे वाटायला स्वतः पुढे झाला. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं ते लिहायलाच पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिण्यात काही अर्थ नाही. मी हसलो. चौथी पास होतो ना. मी वर आणखी ओरडलो, "रोजा मेस्त्रीका! पाय, तिचो घोव खंयच्या कामार आसा?" लोक पुन्हा हसले. फिलू तेव्हा समोरच्या घरातली पोरगी, ती तेवढी हसली नव्हती. लग्नानंतर कधीही भांडण झालं की ती मला ते ऐकवायची.

पाद्रींनी मग कामाचं सांगितलं. रोमहून हुकूम झाला होता की आता लोकांच्या भाषेत प्रार्थना करा. त्यांनी मराठी प्रार्थनेचं पुस्तक काढलं, कोण वाचू शकतो विचारलं, आणि ते माझ्या हातात दिलं. दर रविवारी सगळ्या घरांनी खुरसापाशी जमायचं, इनास वाचेल. पुढच्या मे महिन्यात फेस्ताला, म्हणजे सायबिणीच्या सणाला विगार येतील, म्हणजे पाद्रींच्या वरचे मोठे पाद्री. ते मंडळी बघतील. मंडळी आपल्या पायावर उभी दिसली तर देवळाची आणि माती देण्याच्या जागेची परवानगी, नाही दिसली तर पलीकडे येत राहा. पाय मान हलवत होता. मी पुस्तक छातीशी धरून घरी आलो.

त्या दिवसानंतर पायने तोंड उघडलं नाही. म्हणजे जेव म्हटलं की जेवायचा, हाक आली की होडी काढायचा. पण रविवारी खुरसाकडे जायच्या वेळेला त्याला होडीच्या फटी बुजवायचं काम निघायचं. मी वाचायचो. 'हे दिव्य गुलाबा', 'हे सुवर्णमंदिरा', अडखळत, शाळेतल्या मास्तरांसारखा आवाज काढून. लोकांनी म्हणायचं, 'आम्हांसाठी विनंती कर.' पहिल्या रविवारी नवेपणाने म्हटलं. मग आवाज पडत गेला. माणसंही कमी होत गेली. मी घरोघरी बोलवायला जायचो तर म्हाताऱ्या दारातूनच फटकारायच्या. "कलेक्टर कचेरीत अर्ज वाचतंत तसा वाचतंस तू. बस्त्यांव नाय तर लदीन खंयची?" कुणी म्हणायची, "माझा गुडघा दुखता," आणि पाच मिनिटांनी तिसऱ्या घरी गप्पा मारताना दिसायची. पावसाळा गेला, नाताळ गेला. नेवऱ्या झाल्या, दोदोल झालं, पण पाय ताटावरून लवकर उठला. फेब्रुवारीत एका रविवारी खुरसापाशी मी, रुजायआते आणि फिलूची आई. आते म्हणाली, "मोठ्यान वाच रे, कोंबडी निजली." मी पुस्तक मिटलं. मला तेव्हा एकदम दिसलं की मे महिन्यात विगार येऊन हेच बघणार, आणि पायने इतकी वर्षं होडीत बसून जे मागितलं ते माझ्या हाताने बुडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून हाक आली तेव्हा मी उडी मारून होडीत बसलो. जाताना होडी रिकामी होती. मध्यावर गेल्यावर बोललो.

"पाय, फेस्ताक तू येवक व्हयो."

"होडी कोण हाकतलो?"

"एक दिस बंद ठेव."

"मगे विगार काय पोवान येतलो?"

"माका सांभाळून घे. लोक तुझ्याशिवाय येणत नाय."

तो वल्हवायचा थांबला. ओहोटी होती, होडी हळूहळू खाली सरकायला लागली. "तू हसलंस," तो म्हणाला.

"सगळीच हसली."

"सगळ्यांचा सोड. पाद्री हसलो, तेचा माका कायएक नाय. तो शिकलेलो. तू खंय शिकलेलंस?"

"चुकलंय मी."

"तू चुकलंस ता जावंदे. मी चुकलंय तेचा काय?" पलीकडून माणूस पुन्हा ओरडला, पायने तिकडे बघितलंही नाही. "तुझ्या आवशीच्या उशाक मी काय म्हटलंय? ताच. पुरो, पुरो, पुरो. मी म्हणी होतंय, सायबिणी, हिका सांभाळ. आणि सायबिणीक आयकाक काय गेला? पुरो. वर मातीरय ताच. पाद्री नाय, कोण नाय, माझेच शब्द तिच्या वांगडा गेले. आता ती खंय गेली ता सांग. तुझ्या पुस्तकात बघ."

आणि मी गाढवासारखं खरंच कमरेचं पुस्तक काढलं. पानं उलटायला लागलो. पाय माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने वल्हं पाण्यात घातलं. आम्ही इतके खाली गेलो होतो की धक्क्याला लागायला त्याला दुप्पट वल्हवावं लागलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, "काय रे बस्त्यांव, होडयेर निजललंस?" मला वाटलं होतं बापाचा अपमान झालाय, म्हणून तो रुसलाय. इतके महिने मी त्याला रुसलेला समजत होतो. तो घाबरलेला होता.

मे महिना आला. विगार आले, पायच्याच होडीतून. जाड, घामाघूम, शाळेतून आणलेल्या खुर्चीत बसले. शेजारी पाद्री लोरेन्स. मांडव भरला होता, लोक विगारांना बघायला आले होते. पाय मांडवाबाहेर माडाच्या बुंध्याशी वल्हं टेकवून उभा, त्यांना परत न्यायचं म्हणून थांबलेला. मी पुस्तक उघडलं. 'हे ईश्वरा, आमच्यावर दया कर.' कुजबुजल्यासारखं उत्तर आलं. पुढची ओळ. त्याहून बारीक. विगारांनी रुमालाने मान पुसली आणि पाद्री लोरेन्सांकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलो नाही. डॉक्टर नाडी सोडतो तशी.

मी पुस्तक खुरसाच्या चौथऱ्यावर पालथं टाकलं. ठरवून नाही. आणि पायच्या लदीनीची पहिली ओळ म्हटली, "किरी येलायसांव."

आधी रुजायआतेने उत्तर दिलं, मग फिलूने, मग सगळ्यांनी. पुढच्या ओळीला झावळ्या हलल्या. मी पाद्रींकडे बघत नव्हतो. सांता मारीया, ओरा पुरो नोबी. म्हाताऱ्या पुढे सरकल्या. इतकी वर्षं ऐकलेलं होतं, आपसूक तोंडात येत होतं. "रोजा मेस्त्रीका," मी म्हटलं, आणि या वेळी कोणी हसलं नाही. "तुरीस दावीदीका." ओरा पुरो नोबी. "दमूस आवरा."

"चुकलंस!" मांडवाबाहेरून आवाज आला. सगळ्यांनी वळून बघितलं. पाय वल्हं तसंच हातात घेऊन आत येत होता, लालबुंद. "दावीदीकाच्या मगे येबूर्णा! तुरीस येबूर्णा खंय खाल्लंस? सायबिणीचा नाव गाळतंस? शिरा पडो तुझ्या तोंडार!"

आणि तो विगारांच्या खुर्चीला वळसा घालून पुढे आला, मला कोपराने बाजूला केलं, आणि म्हणाला, "तुरीस येबूर्णाऽऽ." काय आवाज होता. वाडीने असं उत्तर दिलं की वरून परबांची माणसं बघायला आली. त्याने ती शेवटपर्यंत नेली, एक नाव सोडलं नाही, एक चूक सोडली नाही. विगारांनी नंतर पाद्री लोरेन्सांना विचारलं, "ही भाषा कंची?" पाद्री म्हणाले, "ह्या वाडयेची." विगारांनी चण्यांची आणखी एक वाटी मागितली.

परतताना मीही होडीत होतो. मध्यावर पाय पाद्री लोरेन्सांना म्हणाला, "पाद्रीबाब, माझ्या बायलेर मी हीच लदीन म्हटल्ली. ती पावली काय?" विगार काहीतरी बोलायला लागले, पाद्रींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ ते पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बस्त्यांव, माका म्हायत नाय. आणि मी हसूक नको होतंय." पाय वल्हवत राहिला. घरी आल्यावर तो आतेला एवढंच म्हणाला, "आज पयलोच पाद्री खरां बोललो." त्या दिवशी तो दोन ताटं जेवला.

परवानगी आली. जांभ्याच्या भिंती आम्हीच उचलल्या, आबा परबांचे मुलगेही चिरे वाहायला आले. रविवारी पुस्तक, मे महिन्यात पायची लदीन, असं ठरलं. वरच्या गावांतली चार घरं जोडली गेली, मग मुंबईहून परतलेली, मग धरणाच्या कामावर आलेली. आज फरशी आहे, माईक आहे, कीबोर्ड आहे. नाताळला आत उभं राहायला जागा नसते, आणि एरवीच्या रविवारी पोरं देवबागला पर्यटकांना बोटीतून फिरवत असतात. पाद्री लोरेन्सांनी स्थापना केली, लिहिलंय ते बरोबर आहे. पाय मात्र इथल्या मातीत नाही. ज्या जागेसाठी एवढं केलं ती त्याने घेतली नाही. शेवटी म्हणाला, "माका पलीकडे न्हेवा, ती थंयसर एकटी आसा." नेला. त्याच्याच होडीतून, वल्हं माझ्या हातात.

अलीकडच्या काठावरच्या मातीत फिलू आहे, घरापासून चालत पाच मिनिटांवर. तिच्या वेळेला सगळं रीतसर झालं. पाद्री आदल्या दिवशीच येऊन, मरणाऱ्याला लावतात ते तेल लावून गेले होते. मातीवर दोन पाद्री, छापील पुस्तक, शुद्ध मराठी, माईकवरून प्रत्येक शब्द लांबपर्यंत ऐकू येत होता. मी कान देऊन ऐकत होतो. एकही शब्द चुकला नाही. नंतर मी त्या तरुण पाद्रीला विचारलं, ती कुठे गेली. तो लगेच म्हणाला, "स्वर्गात, बाबा, नक्की." इतक्या पटकन म्हणाला की मला विश्वास ठेवता येईना. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या मातीवर जाऊन येतो, पाच मिनिटं बसलो की उठावंसं वाटतं, घरी आलो की पुन्हा जावंसं वाटतं. पायला निदान धरायला एक चूक होती. मला तीही नाही.